संमती नसेल तेव्हा घटस्फोटाचा दावा कसा चालतो

"आम्ही सहा वर्षं वेगळे राहतोय, आता कोर्ट घटस्फोट देईलच ना?" वकिलाच्या पहिल्या भेटीत हा प्रश्न हमखास येतो. उत्तर असं की नुसत्या तेवढ्यावर मिळत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये 'लग्न सावरण्यापलीकडे मोडलंय' हे घटस्फोटाचं कारण म्हणून लिहिलेलंच नाही. सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या कलम १४२ खाली त्या आधारावर लग्न संपवू शकतं, हे १ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने स्पष्ट केलं. पण तो अधिकार त्याच न्यायालयाचा आहे, आणि फक्त त्यासाठी थेट दिल्लीत याचिका लावता येत नाही. कौटुंबिक न्यायालयात उभं राहायचं तर कायद्यातलं एखादं कारण सांगावं लागतं आणि ते पुराव्याने शाबीत करावं लागतं. समोरच्याची संमती नसलेल्या दाव्यात वर्षं कुठे जातात आणि दावे का पडतात, याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

खालचं सगळं हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबद्दल आहे. हिंदूंबरोबर बौद्ध, जैन आणि शीख लग्नंही त्यातच येतात. नोंदणी पद्धतीने, म्हणजे १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं असेल तर कलमांचे आकडे बदलतात, पण वाट साधारण हीच. मुस्लिम, ख्रिश्चन आणि पारशी लग्नांना वेगळे कायदे आहेत.

कारण कोणतं, आणि ते कुठे फसतं

कलम १३ मध्ये कारणं बरीच आहेत: लग्नानंतर दुसऱ्या व्यक्तीशी शरीरसंबंध, क्रूरता, सोडून जाणं, धर्मांतर, गंभीर मनोविकार, संसर्गजन्य गुप्तरोग, संन्यास, सात वर्षं ठावठिकाणा नसणं. कुष्ठरोग २०१९ मध्ये यादीतून काढला. पत्नीसाठी काही जादा कारणं आहेत. प्रत्यक्षात मात्र बहुतेक दावे 'क्रूरता' आणि 'सोडून जाणं' या दोन खांबांवर उभे असतात, म्हणून त्या दोघांकडेच नीट बघू.

सोडून जाण्याची मुदत सलग दोन वर्षांची आहे आणि ती याचिका दाखल करण्याच्या लगेच आधीची असावी लागते. वीस महिने झाल्यावर घाईने याचिका टाकली तर हे कारण टिकत नाही. मधे दोघं पुन्हा नांदायला लागले असतील तर मोजणी पहिल्यापासून. शिवाय नुसतं वेगळं राहणं पुरत नाही. संसार कायमचा सोडण्याचा इरादा होता, आणि जाण्यामागे वाजवी कारण नव्हतं, हे दोन्ही दाखवावं लागतं. बाळंतपणाला माहेरी गेलेली पत्नी, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहणारा नवरा, मारहाणीमुळे घर सोडलेली बाई, यांनी कायद्याच्या अर्थाने 'सोडलं' असं होत नाही. उलट ज्याच्या वागण्यामुळे दुसऱ्याला घराबाहेर पडावं लागलं, त्यानेच सोडलं असं न्यायालय धरतं. म्हणून जाणं कोणत्या परिस्थितीत झालं, त्यानंतर आणायला कोण गेलं, निरोप काय पाठवले, नोटिशीला उत्तर काय आलं, हे सगळं महत्त्वाचं ठरतं.

क्रूरता शारीरिक असते तशी मानसिकही. तिची ठरलेली व्याख्या कायद्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या समर घोष खटल्यात उदाहरणादाखल काही प्रकार सांगितले आणि त्याच निकालात संसारातल्या रोजच्या कुरबुरी म्हणजे क्रूरता नव्हे, असंही म्हटलं. स्वयंपाक येत नाही, उशिरा उठते, आईचंच ऐकतो, फोनवर फार असते, सणाला येत नाही, अशा तक्रारींची वीस पानं भरली तरी त्यांची बेरीज क्रूरता होईलच असं नाही.

याउलट एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. उत्तर देताना रागाच्या भरात केलेले आरोपच क्रूरता ठरू शकतात. २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात नवऱ्याने आपल्या लेखी म्हणण्यात पत्नीच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले होते. पुढे दुरुस्ती करून ते काढलेही, तरीही सर्वोच्च न्यायालयाने ती मानसिक क्रूरता मानली. तीच गत पोलिसांत केलेल्या खोट्या तक्रारींची. तक्रार खोटी होती हे सिद्ध झालं, तर समोरच्याला घटस्फोटाचं कारण आयतं मिळतं. हातात पुरावा नसेल तर 'अनैतिक संबंध' हे शब्द याचिकेतही लिहू नयेत आणि उत्तरातही.

मनोविकाराचं कारण असंच हलक्या हाताने वापरलं जातं. मानसोपचारतज्ज्ञाची एक चिठ्ठी आणि झोपेच्या गोळ्यांचं पाकीट यावर हे कारण उभं राहत नाही. विकार असा हवा की त्या व्यक्तीसोबत राहण्याची वाजवी अपेक्षाच करता येऊ नये. नुसता चिंतारोग किंवा नैराश्य पुढे करून दावा लावला की तो बहुतेक वेळा पडतो, आणि जोडीदाराच्या आजाराची जाहीर वाच्यता केल्याचं ओझं डोक्यावर राहतं.

आणि 'माफी'. क्रूरतेनंतर त्याच व्यक्तीसोबत पूर्ववत संसार केला तर कलम २३ प्रमाणे ती क्रूरता माफ केली असं धरलं जातं. १९७५ च्या दास्ताने खटल्यात नेमकं हेच झालं. पत्नीचं वागणं क्रूरतेत बसतं असं न्यायालयाने मानलं, पण त्यानंतर दोघं नवरा-बायको म्हणून राहिले होते, म्हणून नवऱ्याला त्या कारणावर मागितलेली न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न कायम ठेवून कायदेशीर वेगळं राहण्याचा आदेश, मिळाली नाही. ही माफी सशर्त असते; पुन्हा तसंच वागणं झालं की जुनी क्रूरताही जिवंत होते. फक्त ते 'पुन्हा' याचिकेत लिहिलेलं असायला हवं.

याचिका

लग्नाला एक वर्ष होण्याआधी याचिका घेतली जात नाही. अपवाद फक्त अर्जदाराच्या असाधारण हालअपेष्टांचा किंवा समोरच्याच्या असाधारण दुर्वर्तनाचा, आणि त्यासाठी वेगळी परवानगी लागते. याचिका कुठे लावायची याचे पर्याय कलम १९ मध्ये आहेत: लग्न जिथे लागलं तिथे, समोरचा जिथे राहतो तिथे, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिले तिथे. अर्जदार पत्नी असेल तर ती सध्या राहते तिथेही. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही अशा ठिकाणी प्रकरण दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतं.

आता याचिकेच्या मजकुराकडे. दिवाणी कामकाजाचा पाया असा की जे याचिकेत नाही त्याचा पुरावा देता येत नाही. तरीही खूप याचिकांमध्ये असं वाक्य असतं: 'जाबदार ही सुरुवातीपासून अर्जदारास व त्याच्या आईवडिलांस मानसिक त्रास देत असे.' यावर न्यायाधीश काहीच करू शकत नाहीत, कारण कधी, कुठे, काय, कोणासमोर, यातलं काहीच त्यात नाही. तेच वाक्य असं हवं: 'दि. १४ जून रोजी रात्री साडेनऊच्या सुमारास, राहत्या घरी, अर्जदाराची आई व शेजारी हजर असताना, जाबदाराने अमुक शब्द वापरले आणि अमुक केले. दुसऱ्या दिवशी अर्जदाराने अमुक डॉक्टरांकडे उपचार घेतले.' नेमकी तारीख आठवत नसेल तर महिना आणि प्रसंग लिहावा: गणपतीत, मुलाच्या बारशानंतर, बदली झाली त्या आठवड्यात. उगाच तारीख ठोकून देऊ नये. तीच तारीख उलटतपासणीत गळ्यात येते.

याचिका लिहायला घेण्याआधी घरी बसून एक कालक्रम करावा. एका बाजूला तारीख, मधे घटना, शेवटी त्याचा पुरावा काय: मेसेज, दवाखान्याचा कागद, एनसी (पोलिसांतली अदखलपात्र तक्रारीची नोंद), साक्षीदार, किंवा 'काही नाही'. 'काही नाही' असं लिहिलेल्या ओळी जास्त झाल्या तर दावा कच्चा आहे हे तिथेच कळतं. पाच-सात ठोस प्रसंग पन्नास मोघम आरोपांपेक्षा केव्हाही जड.

नोटीस, समुपदेशक, म्हणणं

याचिकेला नंबर पडला की समोरच्याला नोटीस निघते. वेळ खाणारी पहिली जागा हीच. पत्ता चुकीचा, घर बंद, नातेवाईक घेत नाहीत, समोरचा परदेशात. बेलिफाचा अहवाल 'मिळून आला नाही' असा येत राहिला तर शेवटी वर्तमानपत्रातून जाहीर नोटीस देण्याची परवानगी मिळते. नोटीस मिळूनही कोणी हजर झालं नाही तर प्रकरण एकतर्फी चालतं. पण एकतर्फी म्हणजे आपोआप नव्हे. अर्जदाराला आपलं कारण तेव्हाही शाबीत करावंच लागतं. आणि नोटीस नीट बजावलीच नव्हती असं दाखवून समोरचा एकतर्फी हुकूमनामा (निकालाचा औपचारिक आदेश) रद्द करून घेऊ शकतो. त्यासाठी मुदत ३० दिवसांची, आणि बजावणीच झाली नसेल तर ती निकाल कळल्यापासून मोजतात. म्हणून मुद्दाम जुना पत्ता देऊन मिळवलेला घटस्फोट हा सगळ्यात कच्चा घटस्फोट. त्यावर विसंबून दुसरं लग्न केलं तर दोन कुटुंबं अडचणीत येतात.

दोन्ही बाजू हजर झाल्या की कौटुंबिक न्यायालय प्रकरण विवाह समुपदेशकाकडे पाठवतं. समेट शक्य आहे का हे पाहणं हे १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने न्यायालयावर टाकलेलं कर्तव्य आहे. तिथे समेटासाठी झालेलं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही. म्हणून तिथे मोकळं बोलावं. समेट झाला नाही तरी मुलाची भेट, दागिन्यांची यादी, घरातलं सामान असे प्रश्न इथे सुटतात, आणि सुटले तर पुढची एक-दोन वर्षं वाचतात. याच कायद्यानुसार वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती सहसा मिळते, पण पक्षकाराने स्वतः हजर राहावं ही अपेक्षा कायम असते.

लेखी म्हणणं ३० दिवसांत द्यायचं, न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. त्यानंतरही योग्य कारण दाखवून आणि खर्च भरून परवानगी मिळू शकते, पण मधल्या काळात 'नो डब्ल्यूएस' आदेश, म्हणजे लेखी म्हणण्याविनाच पुढे चालण्याचा आदेश, झाला की आधी तो रद्द करून घ्यावा लागतो. म्हणण्यात प्रत्येक परिच्छेदाला उत्तर द्यावं. ज्याला स्पष्ट नकार दिला नाही ते मान्य केलं असं धरलं जाऊ शकतं. घटस्फोट समोरच्यालाही हवा असेल, पण स्वतःच्या कारणावर, तर कलम २३अ खाली त्याच प्रकरणात प्रतिदावा करता येतो. दोघांनी दोन शहरांत वेगवेगळ्या याचिका टाकल्या तर नंतरची पहिलीकडे वर्ग होण्याची तरतूद आहे; पत्नीच्या गैरसोयीवरून त्या उलटही वर्ग होतात. या बदली अर्जांमध्ये मूळ प्रकरण महिनोन्महिने थांबतं.

पत्नीने पोटगी मागितली की नवऱ्याने कलम ९ खाली 'नांदायला यावं' असा दावा टाकायचा, ही जुनी चाल. तिचा हिशेब हल्ली चुकतो. असा हुकूमनामा झाला आणि पत्नी गेली नाही तरी तेवढ्यावरून तिची पोटगी बंद होत नाही, हे जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. उलट त्या हुकूमनाम्यानंतर एक वर्ष दोघं एकत्र आले नाहीत तर दोघांपैकी कोणालाही त्या आधारावर घटस्फोट मागता येतो. घटस्फोट नको म्हणून हा दावा टाकणाऱ्याने एवढं लक्षात ठेवावं.

पोटगी: सगळ्यात लांबणारं भांडण

दाव्यातला पहिला मोठा आदेश असतो अंतरिम पोटगीचा. कलम २४ खाली पत्नी किंवा नवरा, ज्याला स्वतःचं पुरेसं उत्पन्न नाही तो, दावा चालू असेपर्यंत दरमहा रक्कम आणि दाव्याचा खर्च मागू शकतो. हा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कलम म्हणतं. प्रत्यक्षात तो जास्त रेंगाळतो. ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालाने इथे बरीच शिस्त आणली. आता दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावं लागतं, शेतीवर जगणाऱ्यांसाठी नमुना वेगळा आहे, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू होते. म्हणजे अर्ज दोन वर्षं चालला तर निकालाच्या दिवशी दोन वर्षांची थकबाकी एकदम उभी राहते. तारखा लांबवून पोटगी वाचते हा समज या निकालाने मोडला.

या शपथपत्राला 'एक फॉर्म' समजून भरणारे इथेच हरतात. समोरचा वकील ते बँकेच्या उताऱ्यासमोर ठेवून वाचतो. पगार ६० हजार लिहिलाय, पण क्रेडिट कार्डाचं बिल दरमहा ५५ हजार भरलं जातं; मग घर कशावर चालतं? धंद्यात तोटा दाखवलाय, पण त्याच वर्षी गाडी घेतली आणि हप्ता वेळेवर जातो. दावा दाखल झाला त्याच्या पुढच्या महिन्यात आईच्या खात्यावर चार लाख वळते केले. पत्नीने 'उत्पन्न नाही' लिहिलंय, पण दर महिन्याच्या सात तारखेला एकाच खात्यातून २२ हजार येतात. यातली एक विसंगती पकडली गेली की शपथपत्रातल्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो, आणि खोट्या शपथपत्राबद्दल कारवाईचा अर्जही होऊ शकतो.

हातात येणारा पगार मोजताना प्राप्तिकरासारख्या सक्तीच्या कपाती सहसा धरल्या जातात. स्वतःहून वाढवलेला भविष्यनिर्वाह निधी, सोसायटीचं कर्ज, नव्या गाडीचा हप्ता हे दाखवून पोटगी कमी होईल अशी आशा धरू नये. पत्नी शिकलेली आहे एवढ्यावर पोटगी नाकारली जात नाही. आणि ती कमावते एवढ्यावरही नाही. दोघांच्या उत्पन्नातला फरक आणि लग्नात होतं ते राहणीमान पाहिलं जातं. 'पगाराच्या २५ टक्के' हा आकडा सगळीकडे फिरतो. तो २०१७ च्या एका निकालातून आलाय आणि त्या प्रकरणापुरता रास्त मानला गेला होता. तो नियम नाही. कमी-जास्त दोन्ही होतं.

पोटगी एकाहून जास्त कायद्यांखाली मागता येते: कलम २४, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ म्हणजे पूर्वीचं १२५, आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा. पण एका ठिकाणचा आदेश दुसऱ्या ठिकाणी सांगावा लागतो आणि रकमेची वजावट होते. लपवलं तर नुकसान स्वतःचंच. थकबाकीसाठी १४४ खाली वॉरंट निघतं आणि प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. वसुलीचा हा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करायचा असतो, म्हणून थकबाकी साठू देणं शहाणपणाचं नाही.

कायमची पोटगी कलम २५ खाली, निकालाच्या वेळी किंवा नंतरही मागता येते. ती एकरकमी किंवा दरमहा. जिच्या नवऱ्याचं उत्पन्न अस्थिर आहे तिने एकरकमी घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. दरमहाची रक्कम वाढवता येते हे खरं, पण ती वसूल करत बसण्यात माणूस थकतो.

मूल

ताब्याच्या भांडणात न्यायालयाचा प्रश्न एकच: मुलाचं हित कशात? पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं असं हिंदू मुलांच्या पालकत्वाचा १९५६ चा कायदा म्हणतो. त्यातल्या 'साधारणपणे' या शब्दाला अपवाद होतात. मोठ्या मुलाशी न्यायाधीश स्वतःच्या दालनात, आईवडिलांना बाहेर ठेवून बोलतात. पढवलेलं मूल त्यांना कळतं. आठ वर्षांचं मूल 'बाबा जबाबदारी टाळतात' असं म्हणालं की ते वाक्य कोणाचं हे वेगळं सांगावं लागत नाही.

खरं भांडण ताब्यापेक्षा भेटीवरून जास्त पेटतं, आणि त्याला बऱ्याचदा मोघम आदेश कारणीभूत असतो. 'वडिलांना दर महिन्याच्या दोन रविवारी भेट द्यावी' एवढंच लिहिलं की कोणता रविवार, किती वाजता, कुठे, आणायचं कोणी, सोडायचं कोणी, यावर दर वेळी वाद. मसुदा असा मागावा: पहिला आणि तिसरा शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, मूल आईच्या इमारतीच्या फाटकाशी घ्यायचं आणि तिथेच सोडायचं, मूल आजारी असेल तर आदल्या रात्री नऊपर्यंत मेसेज, आणि हुकलेली भेट पुढच्या शनिवारी; बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी अर्धा तास व्हिडिओ कॉल, उन्हाळ्याची आणि दिवाळीची सुट्टी निम्मी-निम्मी, कोणाची पहिली हे वर्षाआड, शाळेच्या पालकसभेची माहिती दोघांना, पासपोर्ट कोणाकडे आणि परदेशी नेण्यासाठी किती दिवस आधी लेखी कळवायचं. मूल बरेच महिने भेटलेलं नसेल तर सुरुवातीला न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत तासाभराच्या भेटी, मग बाहेर, मग रात्रीचा मुक्काम, असा चढता क्रम मागितला तर तो मिळण्याची शक्यता जास्त असते.

पोटगी थकली म्हणून भेट अडवता येत नाही, आणि भेट मिळत नाही म्हणून मुलाचा खर्च थांबवता येत नाही. दोन्ही तक्रारींना स्वतंत्र अर्ज आहेत. मुलाला मधे ओढून हिशेब चुकता करणाऱ्याची बाजू न्यायालयात झपाट्याने पडते, आणि पडायलाच हवी.

घर आणि दागिने

आपल्याकडे घटस्फोटात संपत्तीची अर्धी-अर्धी वाटणी होत नाही. ज्याच्या नावावर त्याचं, हा मूळ नियम. गोव्यात मात्र पोर्तुगीज काळापासूनच्या दिवाणी कायद्यामुळे, वेगळा करार नसेल तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक धरली जाते. बाकी ठिकाणी फ्लॅट एकाच्या नावावर आणि हप्ते दुसऱ्याने भरलेले असतील तर ते खात्यातून गेल्याचं दाखवावं लागतं. रोख दिलेले पैसे हवेत जातात.

राहण्याचा हक्क मात्र वेगळा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली पत्नीला सामाईक घरात राहू देण्याचा आदेश होतो, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, हे ऑक्टोबर २०२० च्या निकालाने ठरलं. याने मालकी मिळत नाही. त्याऐवजी दुसरं घर किंवा भाडं असा आदेशही होऊ शकतो.

दोघांच्या नावावर कर्ज असेल तर बँकेला तुमच्या घटस्फोटाशी देणंघेणं नसतं. 'यापुढे हप्ते नवरा भरेल' असं आपसात ठरलं आणि त्याने दोन हप्ते चुकवले, की पत्नीच्याही क्रेडिट नोंदीवर डाग येतो. कर्जातून नाव काढण्याची बँकेची लेखी मान्यता, हक्कसोड पत्राची नोंदणी आणि सोसायटीच्या भागपत्रावरचा बदल, या तिन्हींच्या तारखा तडजोडीतच लिहून घ्याव्यात.

स्त्रीधन पत्नीचं स्वतःचं, सासरच्यांकडे ते फक्त सांभाळायला असतं. १९८५ पासून हे पक्कं आहे. अडतं ते पुराव्यावर. सराफाची पावती आईवडिलांच्या नावावर असते, वजन लिहिलेलं नसतं. अशा वेळी लग्नाचे फोटो उपयोगी पडतात. प्रत्येक दागिना कोणत्या फोटोत दिसतो ते यादीत लिहावं, लॉकर कोणाच्या नावावर आणि शेवटचा कधी उघडला याची बँकेकडची नोंद मागवावी. 'अंदाजे ५० तोळे' असं लिहिलेल्या मागणीचं काय करावं हे न्यायाधीशांनाही कळत नाही.

पुरावा आणि उलटतपासणी

म्हणणं आल्यावर न्यायालय मुद्दे काढतं, म्हणजे वाद नेमका कशावर आहे ते ठरवतं. मग सरतपासणीचं, म्हणजे स्वतःच्या साक्षीचं शपथपत्र, त्याबरोबर मूळ कागद. मेसेज, ईमेल, रेकॉर्डिंग द्यायचं असेल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन जपून ठेवावा, विकू नये. पूर्ण संभाषण द्यावं. निवडक चार ओळींचे स्क्रीनशॉट दिले की बाकीच्या समोरचा आणतो. जोडीदाराच्या नकळत केलेलं त्याच्याशीच झालेल्या संभाषणाचं रेकॉर्डिंग वैवाहिक दाव्यात घेता येतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२५ रोजी दिला. म्हणून त्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं अॅप टाकायची मुभा मिळाली असं समजू नये. तो वेगळा गुन्हा ठरू शकतो.

उलटतपासणी कशी जाते ते बघा. शपथपत्रात नवरा म्हणतो की पत्नीने त्याच्या आईला ढकलून पाडलं.

"हा प्रसंग याचिकेत लिहिला आहे का?" "नाही."

"आईंना दवाखान्यात नेलं होतं?" "नाही, घरीच औषध लावलं."

"आई साक्षीला येणार आहेत?" "नाही."

"त्याच महिन्याच्या शेवटी तुम्ही दोघं तीन दिवस महाबळेश्वरला गेला होतात, हे खरं?" "हो."

चार प्रश्नांत प्रसंगही गेला आणि माफीचा मुद्दाही उभा राहिला. उत्तरं खोटी द्यावीत असा याचा अर्थ अजिबात नाही. जो प्रसंग सिद्ध होणार नाही तो आधीच वगळावा, आणि खरा असेल तर आईला साक्षीला आणावं. घरात घडणाऱ्या गोष्टींना घरचेच साक्षीदार असणार हे न्यायालय जाणतं. फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावाही लागत नाही. कोणाची बाजू जास्त संभवनीय, एवढंच तोललं जातं. साक्षीला उभं राहताना याचिका, शपथपत्र आणि आधीच्या सगळ्या तक्रारी दोनदा वाचून जावं. पोलीस तक्रारीत एक आणि शपथपत्रात दुसरं, ही विसंगती सगळ्यात महागात पडते.

सुनावणी सुरू झाल्यापासून नव्हे, तर समोरच्याला नोटीस बजावल्यापासून सहा महिन्यांत दावा संपवण्याचा प्रयत्न करावा, असं कलम २१ब सांगतं. प्रत्यक्षात वर्षं लागतात, आणि या सगळ्या काळात कोणत्याही टप्प्यावर दावा परस्परसंमतीत बदलता येतो. उलटतपासणी अर्धी झाल्यावर तर तडजोडी पुष्कळ होतात, कारण तोवर दोघांनाही आपली कच्ची बाजू दिसलेली असते. कलम १३ब मधली सहा महिन्यांची मधली मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, हे २०१७ मध्ये ठरलं आहे. तडजोडीत पैसे टप्प्याने ठेवावेत: काही संमतीपत्र दाखल होताना, काही फौजदारी तक्रार उच्च न्यायालयातून रद्द होताना, उरलेले अंतिम हुकूमनाम्याच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने. सगळे आधी दिले तर एक बाजू मागे फिरू शकते, सगळे शेवटी ठेवले तर दुसरी.

पैशाअभावी कोणी म्हणणंच दिलं नाही असं होऊ नये. महिलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. अर्ज त्याच न्यायालयाच्या आवारात करता येतो.

निकाल लागला की हुकूमनाम्याच्या प्रमाणित नकलेसाठी त्याच दिवशी अर्ज टाकावा. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावरचं अपील उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींपुढे जातं, हिंदू विवाह कायद्यात त्याची मुदत ९० दिवसांची आहे. ती संपेपर्यंत, आणि अपील झालं असेल तर ते फेटाळलं जाईपर्यंत, कलम १५ प्रमाणे पुन्हा लग्न करता येत नाही. मुदत संपल्यावर अपील दाखल झालेलं नाही ना, हे उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावांनी शोधून बघावं, आणि मगच पुढची तारीख ठरवावी.